पन्हाळा-जोतिबाच्या चढाला पळताना दम कसा टिकवायचा?

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. बदली होऊन सांगलीहून कोल्हापूरला आलोय. पळायची सवय जुनी आहे, पण सगळी सपाट रस्त्यावरची. तिकडे हाफ मॅरेथॉन आरामात पुरी व्हायची, शेवटचे दोन किलोमीटर तर वेग वाढवून पळायचो. इथे रंकाळ्याला चकरा मारताना काही वाटत नाही. पण विद्यापीठाकडे वळलो किंवा टेंबलाईच्या टेकडीला लागलो की पेस, म्हणजे पळायचा वेग, कोसळतो. पायथ्याच्या वाघबीळवरून पन्हाळ्याच्या घाटाला लागलो तर पहिल्या काही वळणांतच धाप लागते, पोटऱ्या भरून येतात आणि घड्याळात हार्ट रेट बघायची भीती वाटते.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन करायची फार इच्छा आहे. इथे घाटात नियमित पळणारे बरेच जण आहेत असं कळलं. तुम्ही चढाची सवय कशी केली? रोज चढावरच पळायचं का? मध्ये चाललं तर चालतं का? उंचीमुळे हवा विरळ होते म्हणून दम लागतो असं ऑफिसात एकाने सांगितलं, ते खरं आहे का?

तालमीतला गडी

कोल्हापुरात स्वागत भावा. घाबरायचं काय नाही. चढ लागला की थांबायचं नाही, एवढं एकच ध्यानात ठेव. एकदा चालायला लागलास की मनाला तीच सवय लागते, मग प्रत्येक चढाला पाय आपोआप थांबतात. हळू पळ, पण पळ. आणि रोज बैठका मार. आमच्याकडे तालमीतली पोरं जोर-बैठका मारून मगच पळायला बाहेर पडतात. मांड्या तयार असल्या की पन्हाळा काय आणि जोतिबा काय.

घाटपळ्या

हवेचं आधी सांगतो. पन्हाळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आत आहे. एवढ्या उंचीला ऑक्सिजनचा फरक पळणाऱ्याला जाणवण्याइतका नसतो. दम लागतो तो नुसत्या चढामुळे, आणि चढाला सपाटीचाच वेग धरायला गेल्यामुळे.

यावर चांगला अभ्यास झालेला आहे. मिनेट्टी नावाचे इटालियन शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावपटूंना ट्रेडमिलवर पळवून किती ऊर्जा लागते ते मोजलं. त्यांच्या सूत्रानुसार पाच टक्के चढाला, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर वर, सपाटीपेक्षा साधारण तीस टक्के जास्त ऊर्जा लागते. दहा टक्क्यांना साठ-पासष्ट टक्के जास्त. आता तू सपाटीला सहा मिनिटांत किलोमीटर पळत असशील तर तेवढ्याच कष्टात पाच टक्के चढाला पावणेआठ मिनिटं लागणार आणि दहा टक्क्यांना जवळपास दहा मिनिटं. दहा मिनिटांत किलोमीटर म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाचा वेग. तुझा पेस कोसळत नाहीये, तो जिथे असायला हवा तिथेच जातोय. त्याच्याशी भांडायला गेलास की दम संपतो.

म्हणून घाटात घड्याळातला पेस बघूच नये. बोलून बघायचं. सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं तर ठीक चाललंय. तीन-चार शब्दांवर वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. तरी तुटतंय तर चालायचं. गडीभाऊंशी माझं इथे जमत नाही, चालण्यात काहीही कमीपणा नाही. डोंगरातल्या लांब शर्यतींत नावाजलेले धावपटूसुद्धा तीव्र चढाला चालतात, कारण एका मर्यादेपुढे पळून वेग फारसा वाढत नाही, नुसती ऊर्जा जळते. फक्त चालायचं ते रमतगमत नाही. पावलं छोटी, हात जोरात, नजर दहा-पंधरा मीटर पुढे. आणि धाप लागायच्या आधी चालायला लागायचं. बहुतेक जण इथेच चुकतात. पूर्ण दम गेल्यावर थांबलेल्या माणसाला परत पळायला लागायला बराच वेळ जातो.

पळताना पाऊल लहान कर. सपाटीचं लांब पाऊल चढाला टाकलं की पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर सगळा ताण येतो. कंबरेतून वाकू नकोस, घोट्यापासून अख्खं अंग किंचित पुढे झुकू दे. कंबरेतून वाकलास की छाती दबते आणि श्वास आणखी तोकडा होतो.

पण तुझ्या प्रश्नात एक गोष्ट नाहीच आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तू उताराबद्दल काहीच विचारलं नाहीस. चढ तुला थकवेल, पण मोडणार नाही. मोडतो तो उतार.

कृष्णाकाठचा

घाटपळ्यादादा, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आकड्यांनी खरंच डोळे उघडले.

उताराचं तुम्ही बरोबर ओळखलंत. येताना छान वाटतं, श्वासही लागत नाही, वाटतं गेलेला वेळ इथे भरून काढावा. पण तिसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चढताना काही होत नाही, उतरतानाच मांड्या लटपटतात. हे असं का?

फिजिओताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः पळते, म्हणून इथे लिहिते.

उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू आखडत असतो आणि त्याच वेळी शरीराच्या वजनाने ताणलाही जात असतो. तो ब्रेकचं काम करतो. अशा कामात स्नायूच्या बारीक धाग्यांना सूक्ष्म इजा होते. हृदयाला आणि फुप्फुसांना मात्र काम कमी असतं. मिनेट्टींच्याच सूत्राने दहा टक्के उताराला ऊर्जा सपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास लागते. त्यामुळे माणूस फसतो. श्वास सांगतो सगळं मजेत चाललंय आणि मांड्यांचा हिशोब वेगळाच असतो. ही दुखरी अवस्था एक ते तीन दिवसांत शिगेला जाते, म्हणून तिसऱ्या दिवशीचा जिना.

चांगली बातमी अशी की स्नायू हे फार लवकर शिकतो. एकदा बेताचा उतार पळून तो दुखला आणि बरा झाला की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला खूप कमी दुखतो, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे उताराचा सराव थोडा थोडा पण नियमित हवा. महिन्यातून एकदा अख्खा घाट धडाधडा उतरायचा आणि मग आठवडाभर लंगडायचं, याने शरीर काही शिकत नाही.

व्यायामात बैठकांना माझा पूर्ण पाठिंबा, पण खाली जाताना तीन-चार सेकंद घेऊन सावकाश जा. जिन्याच्या पायरीवर चवड्यावर उभं राहून टाच हळूहळू पायरीखाली न्यायची, हा पोटरीचा व्यायाम घाटात पळणाऱ्या प्रत्येकाने करावा. एका पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं हाही गुडघ्यासाठी उत्तम.

आणि एक कळकळीची विनंती. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर ते स्नायूंचं दुखणं, जाईल. पण एकाच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचतंय, टाचेच्या मागची शीर सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना कडक वाटतेय, नडगीच्या हाडावर एका ठरावीक जागी बोट ठेवलं की कळ येतेय, असं काही असेल तर घाट बंद करून तपासून घ्या. लघवी चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे क्वचित होतं, पण सवय नसताना लांब उतार पळल्यावर होऊ शकतं.

घाटपळ्या

ताईंनी कारण सांगितलं, मी पळायचं कसं ते सांगतो. उताराला कानांनी पळायचं. पहाटेच्या घाटात गाड्या नसतात तेव्हा स्वतःच्या पावलांचा आवाज नीट ऐकू येतो. थप्प, थप्प असा मोठा आवाज येत असेल तर पाऊल शरीराच्या फार पुढे पडतंय, गुडघा ताठ आहे आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतोय. पावलं लहान केली, जरा भरभर टाकली, गुडघा किंचित वाकलेला ठेवला की आवाज निम्म्याने उतरतो. तो मऊ आवाज आला की समजायचं आता बरोबर चाललंय. माझ्या ओळखीतल्या एकाने केवळ हा आवाज सुधारून कित्येक महिन्यांचं गुडघ्याचं दुखणं घालवलं.

भीती वाटली की माणूस मागे रेलतो. मागे रेललं की टाच आपटते. हात थोडे बाजूला पसरून तोल सांभाळायचा, पण मागे झुकायचं नाही. आणि बुटांच्या लेस घोट्याजवळ घट्ट बांधायच्या, नाहीतर उताराला पाऊल पुढे सरकून अंगठ्याचं नख काळं पडतं.

साताऱ्याच्या शर्यतीचं म्हणशील तर शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच घाटाने उतरून यायचं, असा तिथला हिशोब असतो. म्हणजे उतार येतो तो मांड्या दमलेल्या असताना. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स घे. १९२१ पासून चालत आलेली शर्यत, डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमधली, नव्वद किलोमीटरच्या आसपासची. दिशा आलटूनपालटून असते, एकदा चढाची, एकदा उताराची. आपल्याकडून जाऊन आलेल्यांना विचार. उताराच्या वर्षी पायांचे हाल जास्त होतात असं सांगणारे खूप भेटतील.

खेटेकरी

मी पळणारा नाही, वय झालं. पण जोतिबाचे खेटे, म्हणजे माघातल्या रविवारच्या पायी वाऱ्या, तरुणपणापासून चालत आलोय, म्हणून दोन शब्द.

पंचगंगा ओलांडून वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाकडून डोंगर चढायचा, ही आमची वाट. पहाटे अंधारात निघालेली माणसं असतात. त्यात आजीबाई असतात, पाठीवर पोर घेतलेल्या बायका असतात, कित्येक जण अनवाणी. डोंगराच्या पायथ्याला तरुण पोरं चांगभलं म्हणत धावत सुटतात आणि अर्ध्या चढावर दगडावर बसलेली दिसतात. म्हातारी माणसं त्यांच्या शेजारून न थांबता वर जातात. त्यांच्याकडे नीट बघितलं तर कळतं, पायथ्याला जो ताल धरलेला असतो तोच देवळाच्या दारापर्यंत असतो. चढ वाढला की पाऊल लहान होतं, ताल तोच राहतो. तोंड मिटून नाकाने श्वास चालतोय तेवढंच चालायचं, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं.

बाळा, तू पळण्याआधी ही वाट एकदा चालून बघ. खेट्याच्या रविवारी ये, वाट दाखवायला माणसांची कमी नाही.

कृष्णाकाठचा

काका, नक्की येणार. माघातल्या पहिल्याच खेट्याला येतो.

तालमीतला गडी

काकांचं वाचून मला माझं म्हणणं जरा बदलावं वाटतंय. थांबू नको म्हणजे ताल तोडू नको, असं म्हणायला पाहिजे होतं. पळतोय का चालतोय हे दुय्यम. पण एक मुद्दा मी सोडणार नाही. नवीन पोरं पहिल्या चढालाच "दादांनी सांगितलंय चालायचं" म्हणून चालत सुटतील. छोट्या चढाला तरी पळायलाच पाहिजे, त्याशिवाय ताकद येणार कुठनं?

घाटपळ्या

एकदम मान्य. त्यासाठीच छोटे चढ वेगळे ठेवायचे. टेंबलाईची टेकडी किंवा विद्यापीठाच्या परिसरातला एखादा बेताचा चढ निवडायचा. मिनिटभर, फार तर दीड मिनिट जोरात वर, मग पूर्ण सावकाश चालत किंवा हलकं पळत खाली, श्वास ताळ्यावर आला की परत वर. सुरुवातीला चार-पाच वेळा पुष्कळ झालं. हे आठवड्यातून एकदाच. जोरात म्हणजे जीव तोडून नाही, शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात झाली पाहिजे. ती लांबली तर सुरुवात फार जोरात झाली असं धरायचं.

लांब घाट मात्र दमाचा. तिथे ताकद दाखवायला जायचं नाही.

बावड्याची

सगळे पायांबद्दल बोलताय, मला रस्त्याबद्दल बोलायचंय.

मी कसबा बावड्यात राहते आणि आम्ही चौघी-पाचजणी मिळून पळतो. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटे उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. आपण रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळायचं. घाटात मात्र उजवीकडच्या आंधळ्या वळणाला समोरच्या गाडीला आपण अगदी शेवटी दिसतो. तिथे थोडं आधीच, दोन्हीकडचं दिसत असताना बाहेरच्या बाजूला जायचं आणि वळण संपलं की परत यायचं. अंगावर चमकणारा पट्टा आणि डोक्याला दिवा हवाच. कानात गाणी अजिबात नकोत.

पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा, राधानगरी, या सगळ्या पट्ट्यात गवे आहेत. दाजीपूरचं अभयारण्यच गव्यांसाठी ओळखलं जातं. पहाटे रस्त्यावर गवा दिसला तर शेजारून पळत जायचा विचारही करू नका. जागेवर थांबा, सावकाश मागे या, त्याला जायला वाट द्या. फोटोसाठी पुढे जाऊ नका. बुजलेला गवा किती वेगाने येतो ते इकडच्या माणसांना चांगलं माहीत आहे.

आणि बायकांसाठी खास. एकटीने अंधारात घाटात जाऊ नका. उजाडल्यावर गेलात तर सराव काही बुडत नाही. गटात सगळ्यात हळू पळणारीला मागे सोडायचं नाही, हा आमचा नियम आहे. वर पोचलेली परत खाली येऊन तिला घेऊन जाते. पुढच्यांना त्यात चढाचा जादा सराव होतो आणि मागचीला सोबत मिळते.

फिजिओताई

बावड्याचीताई, हा नियम सगळ्या गटांनी उचलावा असा आहे. त्यात एक भर घालते. पळणाऱ्या बायकांनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. चढाला नेहमीपेक्षा फार लवकर धाप लागत असेल तर कधी कधी कारण सरावात नसतं, रक्तात असतं. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय फार आहे आणि आपण ते "दमते हल्ली" म्हणून अंगावर काढतो.

पठारावरचा

पावसाळ्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आपला पाऊस चार महिने मुक्कामाला असतो आणि साताऱ्याची शर्यत साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते, म्हणजे मुख्य सराव भर पावसातच होणार.

डांबरी घाट ठीक. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर आणि वळणातल्या बारीक खडीवर मात्र पाय सरकतो. गडावरच्या फरसबंद वाटा आणि पायऱ्या, तीन दरवाजाच्या आसपासचे दगड, यांवर शेवाळ धरतं. तिथे पळू नका, चाला. मसाई पठार तर सगळं जांभ्याचं. कोरडं असताना बुटाला छान पकड मिळते, ओलं झालं की वर हिरवा बुळबुळीत थर आणि खड्ड्यांत पाणी, खाली किती खोल आहे ते कळत नाही. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि पठारावर वाट चुकायला वेळ लागत नाही. सोबत वाटेचा माणूस नसेल तर धुक्यात पठारावर जायचंच नाही. घाटातही तेच. जोराचा पाऊस चालू असताना दरडीखालून पळू नका. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता, हे विसरायला नको.

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. १६६० च्या त्या रात्री महाराजांना घेऊन मावळे याच मुलखातून, याच पावसात विशाळगडाकडे गेले. ती वाट प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी चालावी. पण चालावी. पहिल्या पावसाळ्यात त्या चिखलात पळायचा हट्ट नको.

बूट दोन ठेवा, एकाआड एक वापरा. ओले बूट आतला सोल काढून, वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवायचे. चुलीजवळ किंवा गिझरवर ठेवले की सोलचा डिंक सुटतो.

गंगावेशकर

खाण्याचं थोडक्यात. घाटात जायच्या आधी केळं किंवा दोन खजूर, बास. म्हशी पिळतात त्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध परत आल्यावर. आधी पिऊन गेलं तर पहिल्याच वळणाला पोटात ढवळतं. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा जपून.

कृष्णाकाठचा

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. सगळं वाचून आठवडा असा ठरवलाय. बुधवारी टेंबलाईला छोटे चढ. शुक्रवारी रंकाळ्याला निवांत. शनिवारी पन्हाळ्यावर गाडीने जाऊन वाघबीळपर्यंत नुसता उतार पळायचा, म्हणजे मांड्यांना सवय होईल. रविवारी वाघबीळवरून वर लाँग रन आणि परत. सोमवारी आणि गुरुवारी ताईंनी सांगितलेले व्यायाम. मंगळवार विश्रांती. बरोबर आहे का?

घाटपळ्या

शनिवार काढ. सलग दोन दिवस उतार नको. अख्खा घाट एका दमात उतरणं तर सुरुवातीला नकोच. पहिले काही आठवडे रविवारी चढ पूर्ण पळत-चालत कर आणि येताना पहिला थोडा टप्पा पळून बाकीचा चालत उतर, किंवा गाडी वर ठेवायची सोय कर. सोमवारी मांड्या बोलल्या नाहीत तर पुढच्या रविवारी तो टप्पा किलोमीटरभर वाढव. बोलल्या तर तेवढाच ठेव. चौथ्या आठवड्यात सगळंच निम्म्यावर आण, शरीराला सावरायला वेळ मिळतो. सोमवारी व्यायाम नको, मंगळवारी कर. सोमवार विश्रांती.

आम्ही रविवारी पहाटे वाघबीळला जमतो, उजाडायच्या बेताला निघतो. डोक्याचा दिवा आण.

बावड्याची

आणि चमकणारा पट्टा.